न खणता केलेला गादीवाफा

श्रावकाच्या ताटाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळलेले, जेवण सूर्यास्तापूर्वी, चातुर्मासात पालेभाजीचा त्याग हे नियम घरातील मुलांनाही ठाऊक असतात. ती भाजी ज्या मातीत वाढते त्या मातीशी श्रावकाने कसे वागावे, याचा विचार मात्र क्वचित होतो. शास्त्रकारांनी तो केलेला आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितले, त्यांत प्रमादचर्या हा एक आहे. प्रयोजन नसताना जमीन, पाणी, अग्नी व वायू यांना उपद्रव देणे, वनस्पती तोडणे आणि उगाच हिंडणे-हिंडवणे या गोष्टी त्यात येतात. यातील निष्प्रयोजनतेची अट फार महत्त्वाची आहे. आचार्यांचा रोख हेतूवाचून केलेल्या आरंभावर आहे.

शेतीला जैन परंपरेत स्थान आहे. आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला शिकवलेल्या षट्कर्मांत असि व मसि यांच्या पाठोपाठ कृषीचा उल्लेख येतो. सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव या पट्ट्यातील दिगंबर जैन समाज तर पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा समाज आहे. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगून गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडावी आणि उरलेल्या तिन्हींत यत्नाचार पाळावा, असे आपल्याला शिकवले जाते. शेतकऱ्याच्या नांगराखाली होणारी हिंसा उद्योगी हिंसा होय. ती उपजीविकेसाठी होते. मात्र उपजीविकेचा प्रश्न उरत नाही आणि नांगराची हौस तेवढी उरते, त्या वेळी त्याच हिंसेचा प्रकार कोणता मानायचा? कृष्णाकाठच्या एका कुटुंबात हा प्रश्न अमेरिकेत गेल्यावर उभा राहिला.

या घरातील कर्त्या पुरुषाला सगळे अण्णा म्हणतात. मिरज तालुक्यातील काळ्या जमिनीत त्यांनी चाळीस वर्षे ऊस आणि हळद पिकवली. सत्तरीजवळ आल्यावर जमीन भावाच्या मुलांकडे सोपवून ते पत्नीसह न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेले. एडिसनच्या परिसरात मुलाचे घर आहे आणि घरामागे हिरवळीचा बराच मोठा तुकडा आहे. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीतून बर्फ पाहत काढला. एप्रिल उजाडताच त्यांनी दुकानातून एक फावडे आणवले आणि हिरवळीचा एक चौकोन खणायला घेतला. दुधी, दोडका, कारली, भेंडी आणि गवार लावायची, असे त्यांच्या मनात होते.

तिसऱ्या दिवशी आई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या. उलटलेल्या ढेकळांत फावड्याने तुटलेली गांडुळे वळवळत होती. नातू म्हणाला, "आजी, दोन्ही तुकडे जगतात." हा समज सर्वत्र आढळतो, पण तो खरा नाही. फार तर डोक्याकडचा भाग तग धरतो, आणि तोही नेहमी नाही. आईंनी नातवाला काही उत्तर दिले नाही. त्या अण्णांना म्हणाल्या, "अहो, तिकडं पोटासाठी नांगर धरलात, मी कधी एक शब्द बोलले नाही. इथं कशासाठी? ओक ट्री रोडवर दुधी मिळतोय की. या वाफ्यातलं मला वाढू नका."

ओक ट्री रोड ही एडिसन-इझेलिन भागातील भारतीय दुकानांची प्रसिद्ध पेठ आहे. दुधीच काय, ओला वाल आणि कढीपत्ताही तेथे मिळतो. त्यामुळे आईंच्या प्रश्नाला सहज उत्तर नव्हते. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी अण्णांच्या शेताविषयी तक्रार केली नव्हती. त्यांचा आक्षेप नेमका होता आणि तो प्रमादचर्येच्या व्याख्येत बसणारा होता. अण्णांनी फावडे गॅरेजमध्ये ठेवले. त्या वर्षी तो चौकोन तसाच पडून राहिला आणि त्यात गवत पुन्हा माजले. अण्णा बोलेनासे झाले. जेवणानंतर ते खुर्ची ओढून मागच्या दाराशी बसत. मुलाला आणि सुनेला त्यांची काळजी वाटू लागली. आईंनाही वाटत असणार, पण त्यांनी आपला शब्द मागे घेतला नाही.

उन्हाळाभर घरात या विषयावर थोडे थोडे बोलणे होत राहिले. सुनेने एक मुद्दा काढला. आपल्याकडे पापाचा हिशेब कृत, कारित आणि अनुमोदना असा तिहेरी मांडतात. दुकानातला दुधी कुणीतरी नांगरलेल्या, बहुधा फवारणी केलेल्याही जमिनीतून येतो. तो विकत घेतला की हात स्वच्छ राहिले असे वाटते. पण कारिताचा भाग आपल्याकडे येतोच. आईंनी हे मान्य केले. अण्णांनी स्वतःचे असे एकच सांगितले की, हाताला काम नसले तर मन कुठे कुठे भरकटते. आईंनी तेही मान्य केले. मग त्या म्हणाल्या, "प्रयोजन आहे असं धरू. पण न खणता करता येत असेल तर खणायचं कशाला?"

या प्रश्नावर अण्णांना उत्तर शोधावेसे वाटले, कारण तो शेतकऱ्याला विचारलेला प्रश्न होता. नांगरटीवाचून शेती ही कल्पना त्यांना सर्वस्वी अपरिचित नव्हती. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी विनानांगरणी शेतीचा पुरस्कार अनेक वर्षे केला आहे. जपानचे मासानोबू फुकुओका यांचे नावही आपल्याकडील शेतकऱ्यांनी ऐकलेले असते. खुद्द अमेरिकेत रूथ स्टाउट या बाईंनी विसाव्या शतकाच्या मध्यास जमिनीवर गवताचे जाड आच्छादन घालून, न खणता भाजीपाला पिकवण्याची पद्धत लोकप्रिय केली होती. अण्णांनी हे ऐकले होते, पण उसाच्या शेतात कधी करून पाहिले नव्हते.

न खणण्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. मातीत गांडुळांनी केलेली बिळे, जुन्या मुळांनी सोडलेल्या वाटा आणि बुरशीच्या तंतूंचे जाळे असते. पाणी आणि हवा याच वाटांनी खाली उतरते. खणले की ही रचना मोडते. उलटलेली माती आठ दिवस भुसभुशीत दिसते आणि दोन-चार पावसांनंतर पुन्हा दबते. शिवाय खोल पडलेले तणाचे बी वर येऊन रुजते; मग खुरपणी आली आणि तिच्याबरोबर पुन्हा हिंसाही आली. हिरवळीवर झाकण घालून वरून सकस माती दिली, तर खालचे जीव आपल्या जागी राहून पुढची मशागत करतात.

आपल्या शेतकऱ्यांना गादीवाफा चांगला परिचित आहे. मिरची-वांग्याची रोपे त्यावरच तयार करतात. परदेशात त्यालाच लाकडी चौकट घालून कायमचा उंच वाफा करतात. मध्य न्यू जर्सीच्या बऱ्याच भागांत तांबड्या, थरांच्या खडकापासून झालेली चिकण माती आहे. वसंतात बर्फ वितळून पाऊस लागला की तिच्यात पाणी साचते आणि लवकर वापसा येत नाही. उंच वाफ्यातील पाणी निथळते आणि माती लवकर तापते. दुधी, भेंडी आणि गवार यांना ही ऊब अत्यावश्यक असते. मातीचे तापमान अठरा-वीस अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर बी रुजण्याऐवजी कुजते.

सप्टेंबरमध्ये अण्णांनी मातीचा नमुना राज्याच्या रटगर्स विद्यापीठाच्या मृदा प्रयोगशाळेकडे पाठवला. पाच-सहा ठिकाणची सहा इंच खोलीपर्यंतची माती चमच्या-चमच्याने घेऊन, एकत्र करून त्यातील थोडी पाठवायची असते. जुन्या घराजवळ वाफा करताना शिशाची तपासणीही अवश्य करावी. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली. त्यापूर्वीच्या घरांच्या भिंतींलगतच्या मातीत ते उतरलेले असू शकते. अण्णांच्या मातीत शिसे धोक्याच्या पातळीवर नव्हते, पण सामू ५.६ निघाला. मिरजेच्या शेतात चुनखडीचे खडे वेचून काढणाऱ्या अण्णांना येथे चुना विकत आणून टाकावा लागला. भाज्यांना सामू ६.२ ते ६.८ च्या दरम्यान असलेला बरा. चुन्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, म्हणून तो शरद ऋतूतच टाकणे योग्य.

वाफ्याचे माप हातावरून ठरते. रुंदी चार फूट असली म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. लांबी आठ फूट, उंची एक फूट आणि दोन वाफ्यांमध्ये निदान दोन फुटांची वाट ठेवावी. जागेला दिवसातून सहा ते आठ तास ऊन हवे. चौकटीसाठी सीडारच्या, रसायन न लावलेल्या फळ्या चांगल्या. कोठूनतरी मिळालेले जुने लाकूड वापरू नये. अमेरिकेत २००३ सालच्या अखेरपर्यंत घरगुती वापराच्या पुष्कळ लाकडाला आर्सेनिकयुक्त संरक्षक दिले जाई. फळ्यांचे कोपरे स्क्रूने जोडून चौकट जमिनीवर नुसती ठेवायची. खुंट्यांसाठीही खणावे लागत नाही.

जागा ठरवताना आईंनी स्वतः फिरून मुंग्यांची वारुळे पाहिली. एके ठिकाणी ती आढळल्याने वाफा दहा फूट अलीकडे घेतला. हे काम ऑक्टोबरअखेर, थंडी पडल्यावर करण्यातही एक विवेक आहे. त्या सुमारास गवतावरील कीटकांची वर्दळ कमी होते आणि थंडी वाढू लागते तशी गांडुळेही खोल उतरू लागतात. आईंनी मऊ झाडूने हिरवळ हळुवार झाडून घेतली. त्यानंतर गवतावर चुना भुरभुरून त्यावर तपकिरी पुठ्ठे अंथरले. पुठ्ठ्यावर चकचकीत छपाई नसावी आणि त्याच्या चिकटपट्ट्या व पिना काढून घ्याव्यात. दोन पुठ्ठे एकमेकांवर निदान सहा इंच चढवावेत, नाहीतर फटीतून गवत वर येते. पुठ्ठे चांगले भिजवले की जमिनीला चिकटून बसतात. काही महिन्यांत ते कुजतात आणि मुळांना खाली जायला वाट मिळते. या पद्धतीतही गवत मरते, हे आईंना ठाऊक होते. हिंसा शून्य झाली असा दावा त्या घरात कोणी केला नाही.

एका वाफ्याला ३२ घनफूट माती लागते. साधारण १९ घनफूट चांगली पृष्ठमाती आणि १३ घनफूट कंपोस्ट असे प्रमाण ठेवावे. तिकडे माती घनयार्डाने विकतात. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट. त्यामुळे एका वाफ्याला सव्वा घनयार्डाच्या आत सामान पुरते. वरून चार-सहा इंच वाळक्या पानांचे आच्छादन द्यायचे. न्यू जर्सीत त्या महिन्यात पानांना तोटा नसतो. लोक ती गोळा करून रस्त्याच्या कडेला ठेवतात. मिरजेला असताना ऊस तुटल्यावर अण्णाही इतरांप्रमाणे पाचट पेटवत. तेच पाचट जमिनीवर पसरले तर ओलावा टिकतो आणि आगीत होरपळणारे जीव वाचतात. ही गोष्ट त्यांनी त्या पानांकडे पाहत मुलाला सांगितली आणि मग फोन करून पुतण्यांनाही सांगितली.

खताच्या बाबतीत जैन घरांनी विशेष सावध राहायला हवे. 'सेंद्रिय' हा शब्द पाहून आपण निर्धास्त होतो. प्रत्यक्षात परदेशातील पुष्कळ सेंद्रिय खतांत बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, ब्लडमील म्हणजे वाळवलेले रक्त, पिसांची भुकटी किंवा माशांचा अर्क असतो. काही तयार मातीच्या पिशव्यांतही हे पदार्थ मिसळलेले असतात. बोनमील तर आपल्याकडील रोपवाटिकांतूनही सर्रास मिळते. आहारात कमालीची काळजी घेणाऱ्या घराच्या कुंडीत ते नकळत येऊन पडलेले असते. पाकिटावर खताचे घटक कशापासून मिळवले याची नोंद असते, ती वाचूनच खरेदी करावी. नत्रासाठी सोयाबीनची पेंड किंवा लसूणघासाची भुकटी आणि स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट चालते; भारतात निंबोळी पेंड उत्तम. पालाशासाठी लाकडाची राख देता येते, पण तिने सामू वाढतो, म्हणून ती बेताने वापरावी.

शेणखताबाबत एक वेगळी दक्षता घ्यावी लागते. गवताच्या कुरणांवर मारलेली काही तणनाशके जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टातूनही न विरघळता शेणखतात टिकून राहतात. असे खत पडले की शेंगवर्गीय पिकांची आणि टोमॅटोची पाने आकसतात. तपासणी सोपी आहे. दोन-तीन कुंड्यांत ते खत मातीत मिसळून घेवड्याचे बी पेरावे आणि तीन आठवडे पाहावे. नवी पाने वेडीवाकडी न होता सरळ आली तर खत घ्यावे. आईंनी ही परीक्षा हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत केली.

वसंतात वाफ्यातील माती तीन इंच खाली बसलेली आढळली. असे होतेच. वरून कंपोस्टचा थर द्यायचा, ढवळायचे नाही. पुढे दरवर्षी एक-दोन इंच कंपोस्ट वरूनच घालायचे, एवढीच मशागत. त्यानंतर या भूमीचे ऋतुचक्र आपल्या धर्माचरणाशी कसे जुळते, हे त्या कुटुंबाच्या ध्यानात आले. मेथी, पालक आणि कोथिंबीर या थंडी मानवणाऱ्या भाज्या एप्रिलच्या मध्यास पेरल्या की मे-जूनमध्ये खाऊन होतात. जुलैच्या उन्हात त्या फुलावर येतात. त्याच सुमारास चातुर्मास सुरू होऊन पालेभाजीचा त्याग येतो, आणि वेलींचा बहर नेमका तेव्हा येतो. दव गोठण्याची भीती मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत असते. म्हणून दुधी, दोडका आणि कारल्याचे बी एप्रिलच्या शेवटी घरात कागदी पेल्यांत रुजवून, मेच्या उत्तरार्धात पेल्यासकट वाफ्यात ठेवले. या वेलींच्या मुळांना धक्का सोसत नाही. कारल्याचे टणक बी रात्रभर भिजवले. मांडव वाफ्याच्या उत्तरेला उभारला, म्हणजे भेंडी-गवारीवर सावली पडत नाही.

वालाने मात्र फसवले. वेल मांडवभर पसरला आणि ऑगस्ट संपला तरी फूल नाही. वालाचे बरेच वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. मिरजेत हिवाळा लांब आणि सौम्य असल्याने ते चालते. न्यू जर्सीत शेंगा धरू लागतात तोवर ऑक्टोबरची थंडी दाराशी येते. तेथे दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेला लवकर येणारा वाणच निवडावा लागतो.

हरिण आणि ससे आले, तेव्हा सापळ्याऐवजी उंच जाळीचे कुंपण घातले. पाणी ठिबकने मुळाशी दिले. आच्छादनामुळे ते कमी लागले, आणि अप्‌कायाची विराधना तेवढी टळली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला दुधी उतरला. आईंनी तो स्वतः चिरला, चण्याची डाळ घालून भाजी केली आणि अण्णांच्या आधी स्वतःच्या ताटात घेतली. त्याविषयी घरात कोणी काही बोलले नाही. अण्णा पुन्हा बोलू लागले होते, बहुतेक कारल्याविषयी.

ज्यांच्याजवळ अंगण नाही, त्यांनाही हा मार्ग मोकळा आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून घरातल्या काडीकचऱ्यापासून आणि वाळक्या पालापाचोळ्यापासून माती घडवण्याचा विचार महाराष्ट्रभर पोचवला. गच्चीवरच्या विटांच्या चौकटीतही तशी माती होते, आणि तेथे खणण्याचा प्रश्नच येत नाही. पुणे-मुंबईच्या गच्चीवर वेली लावणाऱ्यांनी किमान आपल्या खताच्या पिशवीवरची नोंद आजच वाचून पाहावी.

आईंनी विचारलेले दोन प्रश्न प्रत्येक श्रावकाने आपल्या छंदाला विचारावेत. हे कशासाठी? आणि यापेक्षा कमी उपद्रवात होईल का? पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळाले, तर दुसऱ्याचे उत्तर थोड्या अभ्यासाने सापडते. परदेशातील मुलाबाळांना नवा वाफा करायचा असेल, तर त्याचा काळ क्षमावाणीनंतर लगेच येतो. त्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो, त्यांत पृथ्वीकायिक जीवही असतात. त्यानंतर महिन्याभरात झाडांची पाने गळू लागतात. तेवढ्या अवधीत मातीची तपासणी करून घ्यावी आणि पुठ्ठे जमवून ठेवावेत.